तारेचा घास

"दाजी, ऐतवारी धोंडे जेवायला यायचं हाय," आडतीच्या पायरीवर पायांचा चिखल खरडत मेव्हणा संतराम म्हणाला, "माय म्हणली, हातापाया पड, पण घेऊनच ये." माणिकरावांनी मान हलवली. हातातलं हळकुंड पोत्यात परत टाकलं, गादीची सुरकुती सारखी केली, आणि मग त्यांना कळलं की एवढा वेळ आपली जीभ वरच्या दातांवरच्या तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आहे. उजव्या दाढेपाशी तार वळवून बसवली होती, तिथं एक बारीक अणकुची होती. जीभ तिथं थांबली, टोचून घेतलं आणि परत फिरली. धोंड्याचा महिना लागलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण जो विचार आपण मनाच्या उंबऱ्याबाहेर उभा करून ठेवलेला असतो, त्याला कुणी हाताला धरून आत आणून बसवावं तसं झालं. "येतो," ते म्हणाले; ओठ न उघडता म्हणाले. उन्हाळ्यापासून ते असेच बोलत. वरचा ओठ पडद्यासारखा दातांवर ओढून धरायचा, आणि वरून मिशी वाढू दिली होती ती निराळीच. मोंढ्यात लोक समजत, माणिकराव अलीकडं तोऱ्यात आले. तोरा कसला! चाळिशीला टेकलेला माणूस, आणि तोंडात लेकराच्या पायातल्या वाळ्यासारखी चकाकणारी तार.

ही सगळी करणी हळदीची. शिजवून वाळवलेली हळद पुरती वाळली की नाही हे कुणी हळकुंड मोडून बघतं, कुणी फरशीवर आपटून त्याचा आवाज ऐकतं. माणिकराव ते दाताखाली धरत. खाडकन तुटलं की माल पक्का, दात रुतला की कच्चा. हिंगोलीच्या मोंढ्यात, हळदीच्या घाऊक बाजारात, ते दलाल होते आणि त्यांचा दात नामांकित होता. एरवी ते बोलण्यात मागे, चारचौघांत बसले तर भिंतीची बाजू धरणारे. पण ढिगापुढं उभे राहून त्यांनी हळकुंड उचललं की भोवतीची माणसं गप्प होत, शेतकरी श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडं बघत, आणि त्या एका क्षणापुरतं माणिकरावांना आपण कुणीतरी आहोत असं वाटे. वैशाखात एक परगावचा व्यापारी म्हणाला, "हळकुंड काय, कुणीबी फोडंल. गड्डा फोडून दाखवा." गड्डा म्हणजे हळदीचं मूळ कांड, वाळलं की दगडाचा भाऊ. शहाण्या माणसानं हसून सोडून दिलं असतं. माणिकरावांनी तो दाताखाली घेतला. गड्डा फुटला, हे खरं. पण त्याबरोबर वरचे पुढचे दोन दात आत वळले, आणि तोंडात हळदीच्या कडवट उग्र वासात रक्ताची खारट चव मिसळली. ती चव पुढं कितीतरी दिवस पाण्यालासुद्धा येत होती.

गावातल्या वैदूनं सांगितलं, दोन्ही उपटून टाकू. बारदानाचा व्यापार करणारे शेजारचे दस्तगीरभाई म्हणाले, "नक्को! दाँत निकालके दलाल क्या हलदी कू मुक्के मारेंगे? चलो हैदराबाद." आणि खरंच, पूर्णेला गाडी बदलून ते माणिकरावांना हैदराबादेला घेऊन गेले. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी आरशाची बारीक काडी तोंडात फिरवली, आणि मग ते म्हणाले, "दाँत मरे नहीं हैं. रास्ता भूल गए हैं." त्यांना हळूहळू ओढून जागेवर आणायचं म्हणून तार बसवली, दिवाळीपर्यंत ठेवायची. माणिकरावांनी भीत भीत विचारलं, आणि जेवण? डॉक्टर हात पुसत म्हणाले, "नर्म खाइए, छोटा खाइए, आराम से खाइए." परतीच्या गाडीत माणिकराव हे तीन शब्द रुळांच्या तालावर मनात घोळवत आले. नरम जमलं. शालूबाईंनी, त्यांच्या बायकोनं, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायला सुरुवात केली. छोटंही जमलं, सुपारीएवढा घास, मग हरभऱ्याएवढा. आराम मात्र काही केल्या जमेना.

कारण तोंडात अन्न आलं की ते अन्न राहतच नसे, सगळी कामगिरी होऊन बसे. अंबाडीच्या भाजीचा एखादा दोर तारेला अडके आणि जीभ त्याच्यामागं लागे. तीळ तर असे दडून बसत की तासाभरानं गिऱ्हाइकाशी बोलताना अचानक सुटून दाढेखाली येत. दात ओढले जात असल्यानं सगळा जबडा ठणके, तोही सुखानं नव्हे नि दुःखानंही नव्हे, पोराचं हाड वाढताना ठणकावं तसा. हे सगळं चेहऱ्यावर दिसत असणार असं त्यांना वाटे. म्हणून ते आतल्या कोठीत, हळदीच्या पोत्यांमध्ये, भिंतीकडं तोंड करून जेवत. जेवण झालं की निंबाच्या काडीनं तार साफ करत, चूळ भरत, आरशात बघत, आणि मगच बाहेर येत. भाकरी त्यांनी सोडून दिली होती. भाकरी चावायची म्हणजे तोंड उघडायचं, कड दाढेखाली ढकलायची, मान वाकडी करायची. बघणाऱ्याला वाटावं ढोर रवंथ करतंय. एकदा दस्तगीरभाई सरळ कोठीच्या दारात येऊन उभे राहिले. "क्या दलाल, चोरी का माल खा रहे क्या? हमारे सामने खाओ जी. हम कौनसे नजर लगाने वाले." माणिकराव तोंडावर हात ठेवून हसले. पण त्या दिवसापासून कोठीच्या दाराला आतून कडी लागू लागली.

"ऐतवारी जायचं म्हणं," संतराम सांगून गेला त्या दुपारी ते कण्यांच्या ताटलीशी बोलल्यासारखं म्हणाले. शालूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "जायचं म्हंजी? जायाच लागतं. तीन वर्सांनी येतं ते."

"मी म्हणलं, उपास हाय म्हणून सांगावं."

"सांगा की. माय म्हणंल, बरं, मंग मुक्काम करा. दुसऱ्या दिशी वाढील. तिसऱ्या दिशी वाढील. तुमचा उपास सुटंस्तोवर तुमाला सोडती व्हय ती?"

माणिकरावांना हसू आलं आणि अणकुचीनं गालाला टोचलं. खरी भीती त्यांनी शालूबाईंनाही सांगितली नव्हती. जेवताना तोंड दिसेल ही भीती होतीच. पण तिच्यामागं आणखी एक उभी होती. साखऱ्याला सटवाजींच्या घरी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांच्या घरी, धोंड्याच्या पंगतीत पहिला घास जावयाचा, आणि जावई उठल्याशिवाय कुणी पाटावरून उठायचं नाही. हा तिथला रिवाज. एरवी चांगलाच वाटे. आता डोळ्यांपुढं चित्र उभं राहायचं: सगळ्यांची ताटं रिकामी, सगळ्यांचे हात वाळलेले, बोटांवर पुरणाची पापुद्री धरलेली, कुणी खाकरतंय, कुणी आढ्याकडं बघतंय, आणि मधोमध आपण, हरभऱ्याएवढा घास तोंडात घोळवत, जीभ तारेमागं पळवत. अख्खी पंगत एका तोंडासाठी खोळंबलेली. ते चित्र ते दिवसातून कितीदा तरी बघत, आणि दर वेळी त्यात एखादा माणूस वाढत जाई.

रविवारी झुंजुमुंजूलाच संतरामनं बैल जुंपले. वाटेत उघडीप होती. रान हिरवंगार, मध्येच ऊन पडे आणि ओल्या काळ्या मातीचा वास गाडीच्या तट्ट्यातून आत येई. दगडावरून चाक गेलं की धक्का थेट दातांत. माणिकराव गालावर तळहात ठेवून बसले होते आणि त्यांना, का कुणास ठाऊक, खाणंच आठवत होतं. एका मागून एक खाणं. हरभऱ्याच्या शेतात उपटून खाल्लेले घाटे, ओठांना झोंबणारी त्यांची आंब. बुक्कीनं फोडलेला कांदा. लहानपणी आजोळी चुलीपुढं बसून तव्यावरून उतरती भाकरी तोडायची, बोटं भाजायची, तरी तोडायची. तेव्हा कोण बघत होतं आपल्याकडं? का सगळे बघत होते आणि आपल्याला ठाऊक नव्हतं? खाताना आपलं तोंड कसं दिसतं हे ज्याला माहीत नाही तोच खरा जेवतो, असं त्यांना वाटलं. आणि लगेच असंही वाटलं की हे काहीतरी पुस्तकी आहे, संतरामला सांगितलं तर तो बैलांना हसून सांगेल. "दाजी, गप गप काहून?" पुढून संतरामनं विचारलं. "बोलत नाहीसे झालेत. आमचं काई चुकलं का?" माणिकराव दचकले. आपल्या ओठांच्या पडद्याचा असाही अर्थ निघतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "न्हाई रं बाबा," ते म्हणाले, "दाढ." संतरामनं "हां" केलं; ते त्याला पटलं नाही, हे त्याच्या पाठीवरून दिसलं. शालूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सांगू नको म्हणून माणिकरावांनीच त्यांना शपथ घातली होती.

ओसरीवर पाट मांडले होते. सटवाजी, संतराम, भावकीतली काही माणसं, आणि खांबाजवळ जावयाचा पाट, त्यापुढं रांगोळी. सासूबाई गोजरबाई दाराआड. त्या जावयाशी थेट बोलत नसत. पदर पुढं ओढून, जे सांगायचं ते संतरामला उद्देशून सांगत, आणि जावई तिथंच बसून ते ऐके. ताटात धोंडे आले: कणकेत पुरण भरून वाफवलेले, लिंबाएवढे, वर तुपाची धार, बाजूला कटाची आमटी, भात, कुरड्या. कुरडईकडं बघूनच माणिकरावांचा जबडा आवळला. सगळे थांबले होते. त्यांनी धोंडा बोटांनी चिरला, तुपात मळला, हरभऱ्याएवढा घास केला आणि मिशीच्या आडून आत सरकवला.

आणि तो विरघळला. चावावं लागलंच नाही. पुरण गरम, जायफळाचा वास नाकातून डोक्यात गेला, तुपानं तार अशी माखली की जिभेला ती सापडेना. माणिकरावांनी दुसरा घास घेतला, जरा मोठा. मग तिसरा, सुपारीएवढा. पंगत जेवू लागली होती, भुरके ऐकू येत होते, कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. कितीतरी दिवस आवळून धरलेलं काहीतरी मानेपाशी सैल झालं. आपण उगीच भ्यालो, असं मनात येतंय तोच, तोंडात कट्ट झालं.

धातू. दाढेखाली, कडक, पातळ, धारेचा. तार तुटली! जीभ तारेकडं धावली, पण तोंडात पुरण भरलेलं, काही उमगेना. फक्त तो तुकडा, कुठंतरी तीन टोकं असलेला, जिभेवरून गालात, गालातून जिभेवर. दात आता परत वाट चुकणार. परत हैदराबाद. आणि आत्ता, या क्षणी, काय करायचं? पंगतीत तोंडातलं काढून ताटात ठेवणार? सासऱ्याच्या ओसरीवर? त्यांनी तुकडा उजव्या गालात दडवला, ओठ मिटले आणि डाव्या बाजूनं पुरण कसंबसं गिळलं.

दाराआड कुजबुज सुरू झाली. बांगड्या वाजल्या. "संतराम," गोजरबाईंचा आवाज आला, "जावायाला इचार बरं, दाताखाली काई लागलं का."

माणिकरावांचे कान तापले. म्हणजे यांना ठाऊक आहे! शालूनं शपथ मोडली! "न्हाई," ते गाल फुगलेल्या तोंडानं म्हणाले, "काई न्हाई."

"काईच न्हाई?"

"काईच न्हाई."

पुन्हा कुजबुज, आता घाईची. "त्याच धोंड्यात घातलं व्हतं गं, मी सवता घातलं." "दुसऱ्या ताटात गेलं आसंल." "कसं जाईल? खूण केली व्हती." मग कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग शालूबाईंचा आवाज, कळवळून: "माय, त्यायनं गिळलं की काय!"

दार धाडकन उघडलं. गोजरबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर मागं पडलेला, हातात पळी, आणि इतक्या वर्षांत जावयाशी एक शब्द न बोललेली ती बाई थेट त्यांच्या पाटापुढं येऊन म्हणाली, "आवो जावाई, तोंड उघडा! औंढ्याहून आणलेलं चांदीचं बेलपान व्हतं त्याच्यात. गुप्तदान! पोटात गेलं तर काय करावं माय मी?"

गुप्तदान. माणिकराव बघतच राहिले. धोंड्यात लपवून काही द्यायचं. मागच्या धोंड्याच्या महिन्यात चांदीचा मणी निघाला होता, त्यांनीच हसत सगळ्यांना दाखवला होता. हे आपण विसरलो? तोंडात तार घेऊन फिरता फिरता माणूस इतका तारेचा होऊन जातो, की कुणी आपल्याला काही देत असेल हेही त्याला सुचू नये? त्यांना एकदम, पोटातून, हसू फुटलं. ओठ धरायला गेले तर ओठ राहिले नाहीत. तोंड उघडलं, सगळं उघडलं. गालातून काढून बोटांत धरलेलं बेलपान तुपानं चकाकत होतं, आणि त्याच्यामागं, ओसरीवर तिरपं येणाऱ्या उन्हात, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत तार.

संतरामचा हात ताटावर तसाच थांबला. दातांना वारा लागतोय, हे माणिकरावांना कितीतरी दिवसांनी जाणवलं. गार, मोकळा वारा.

सटवाजी पाटावरून पुढं सरकले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. त्यांनी डोळे बारीक करून जावयाच्या तोंडात पाहिलं, जोखून बैल बघावा तसं, आणि म्हणाले, "आरं, आपुन दिलं नखाएवढं पान, आन जावायाच्या तोंडात तर आख्खं कुंपन!"

"मामा, दात पळाले व्हते," माणिकराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला, इतका तो मोठा होता. "बांधून आणले."

"बेस केलं! माझे मोकळे सोडले, तर एकबी वापस आला न्हाई बघा."

पंगतीत असा काही हशा उसळला की गोठ्यातली गाय दावं ओढून बघू लागली. संतराम हसता हसता म्हणाला, "म्हंजी ह्येच्यापायी गप व्हता व्हय दाजी? मी म्हणलं, आमच्यावरच रुसले." आणि मग प्रत्येकाला तार बघायची होती. कुणी विचारलं चांदीची का, कुणी विचारलं झोपताना काढता का, भावकीतला एकजण म्हणाला, "कुरडई खाऊन दावा." माणिकरावांनी दाखवली. हातानं चुरली, आमटीत टाकली, मऊ झाली तेव्हा ओठांनी ओढून घेतली. सटवाजी खूश झाले. "ह्यो आपल्या जातीचा!" ते म्हणाले, आणि आपलीही कुरडई आमटीत बुडवली. दोघं शेजारी शेजारी बसून भिजवत राहिले. भात कालवून पातळ करायचा, आमटीचा भुरका आधी घ्यायचा म्हणजे तोंड तयार होतं, धोंड्याला चावायचं नाही, टाळूला लावून दाबायचं. कुणी शिकवत नव्हतं, कुणी शिकत नव्हतं, जेवण चाललं होतं. मध्येच एक तंतू तारेत अडकला. माणिकरावांनी करंगळीनं काढला आणि पुढचा घास घेतला. नंतर त्यांना आठवलं, की आपण हे सगळ्यांदेखत केलं.

वेळ बराच गेला. इतरांची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. संतराम हात ताटावर धरून बसला होता. बोटांवर पुरण वाळलं होतं. माणिकरावांनी ते पाहिलं. हेच ते चित्र, हुबेहूब. ते छातीत काहीतरी धडधडायची वाट बघत थांबले. धडधडलं नाही. संतराम भावकीतल्या माणसाला बाजारात हरवलेल्या वासराची गोष्ट सांगत होता, ती तो वाळल्या हातानंही तितक्याच रंगात सांगत होता, आणि दुसरा म्हणत होता, "खोटं बोलून राहिला लेका." कुणालाही कुठं जायचं नव्हतं.

माणिकरावांची भूक मात्र, पोट भरत आलं असताना, एकदम जागी झाली. ती गोडाची नव्हती. ताटात कटाची आमटी होती, काळसर, तिखट, वर तेलाचा तवंग; आणि तिच्याकडं बघता बघता त्यांना काय हवंय ते कळलं. त्यांनी दाराकडं पाहिलं. गोजरबाई अजून तिथंच उभ्या होत्या, पदर पुन्हा डोक्यावर घ्यायचा विसरून.

"मामी," माणिकराव म्हणाले, "भाकर हाय का?"

"आगं माय! धोंडे टाकून भाकर?" गोजरबाईंनी पळी गालाला लावली. "सकाळची हाय, टोपल्यात. वाळून खडंग झाली आसंल. तुमच्या दातानं कशी तुटंल ती, जावाई?"

"तोडायचीच न्हाई. आणा तर."

भाकरी आली. कड अशी वाळली होती की ताटात पडताना वाजली. माणिकरावांनी ती दोन्ही हातांनी मोडली, तुकडे वाटीतल्या आमटीत एकेक करून दाबले, आणि हात मांडीवर ठेवून निवांत बसले. सटवाजींनी आपली वाटी पुढं केली. "मलाबी दोन टाका," म्हणाले. संतरामचं वासरू अजून सापडायचं होतं. ज्वारीची वाळकी भाकरी आतपर्यंत भिजायला जेवढा वेळ घेते तेवढा तिनं घेतला, आणि तेवढा वेळ पंगत बसून राहिली.